सावलीचं ताट

आकडे टेबलावरच्या पडद्यावर होते आणि डॉ. अन्वर मुजावर खिडकीबाहेर बघत होते. वैजयंती मगदूम त्यांच्यासमोर केव्हाची उभी होती. बसा म्हणायचं त्यांना सुचलं नव्हतं आणि बसायचं तिला. वर्षभर दोघांनी रविवार म्हणून पाहिला नव्हता. थकवा इतका मुरला की माणूस उभं राहूनच विसावा घ्यायला शिकतो.

स्वादुपिंडाच्या कर्करोगावरचं नवं औषध मिरजेत चालत नव्हतं. नागपुरात चालत होतं, पुण्यात, हुबळीला, इंदूरला चालत होतं. तेच औषध, तीच मात्रा. मिरजेबाहेरच्या या कृष्णाकाठ केंद्रात मात्र औषध घेणारा माणूस आणि औषध न घेणारी त्याची सावली अशी दोघं जवळजवळ एकाच चालीनं पुढे जात होती. आणि हेच केंद्र सगळ्यांत मोठं. देशभरच्या चाचणीतले एक तृतीयांश रुग्ण इथले. इथले आकडे बाकीच्यांत मिसळले की औषधाचा गुण ताकात पाणी घातल्यासारखा फिका पडत होता. येत्या गुरुवारी देखरेख समिती बसणार होती. समिती थांबवा म्हणाली, की औषध सगळीकडेच थांबणार होतं.

"डब्या तपासा," मुजावर शेवटी म्हणाले. "माणसं तर मी रोज बघतोय. माणसं तगून आहेत."

हे सावलीचं प्रकरण आधी नीट सांगायला हवं.

पूर्वी नव्या औषधाची परीक्षा घ्यायची म्हणजे रुग्णांचे दोन भाग करायचे. अर्ध्यांना खरं औषध, अर्ध्यांना तसंच दिसणारं, पण नुसतं पाणी. कुणाला काय मिळालं हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. शास्त्राला ते लागायचंच, कारण बरं वाटलं ते औषधानं की आपलं आपण, हे दुसऱ्या कशानं कळायचं? पण त्या पाण्याच्या अर्ध्यात कुणाची तरी आई असायची, कुणाचा तरी मुलगा असायचा.

मग छायारुग्ण आला. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा कण नखाएवढ्या काचेच्या पट्टीवर जिवंत ठेवायचा, रक्तासारखा द्रव त्याच्यावरून खेळवायचा आणि तो कसा वाढतो ते बघत राहायचं. त्याला त्या माणसाच्या जनुकांची, यकृताची, मूत्रपिंडांची माहिती जोडायची, आधीच्या लाखो रुग्णांचा अनुभव जोडायचा. यातून यंत्रात एक रुग्ण उभा राहतो, हुबेहूब त्या माणसासारखा. माणसाला खरं औषध द्यायचं, छायारुग्णाला नाही. माणूस जितका सावलीच्या पुढे राहील, तितका औषधाचा गुण. पाणी कुणालाच प्यावं लागत नाही. अलीकडच्या काळात इतका कनवाळू शोध दुसरा लागला नसेल.

एकच अडचण होती. औषध सोडून बाकी सगळं आयुष्य दोघांचं सारखं हवं. स्वादुपिंडाच्या कर्करोगात माणूस गाठीनं जातो त्याहून अधिक वेळा झिजून जातो. तो जेवला का, झोपला का, चालला का, त्याला कुणाची सोबत होती का, यानं महिन्यांचा फरक पडतो. हे सावलीला कळवायचं कसं? अंगाला पट्टी लावून वजन, नाडी, झोप मोजता येते, पण त्या सगळ्यावर औषधानं आधीच हात फिरवलेला असतो. ती मोजमापं सावलीला दिली तर चोरून औषधच दिल्यासारखं होईल. म्हणून एकच वाट उरली. माणसानं दिवसभरात काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं. रोज संध्याकाळी, हळदीकुंकवाच्या करंड्याएवढ्या एका डबीला.

हे सगळं रुग्णांना समजावून त्यांची संमती घ्यायचं काम वैजयंतीचं. छापील मजकूर दुसऱ्या पानावर माणसाला झोप आणायचा. पण वैजयंतीचे वडील निपाणीच्या उत्सवात कीर्तनाला पेटी धरायचे. लहानपणापासून तिनं पाहिलं होतं, की अवघड ते कथेतून सांगितलं की पाटावर बसलेल्या म्हातारीलाही उमगतं. तिनं कागद बाजूला ठेवला आणि ती सांगू लागली, "यंत्रात तुमच्यासारखाच एक आहे. पाठचा भाऊच समजा. तुम्ही जेवलात की तो जेवतो, तुम्ही झोपलात की तो झोपतो. औषध तेवढं त्याला नाही." माणसांना एका दमात कळायचं. दुसऱ्या केंद्रांनीही तिची पद्धत विचारून घेतली होती, पण तिथे ती छापील मजकुराच्या वळणानं गेली आणि तिच्यातला भाऊ गळून पडला.

सोमवारी संध्याकाळी डब्या तपासायला ती धर्मशाळेत गेली. औषध थंड ठेवावं लागे आणि रोज सकाळी केंद्रातच घ्यावं लागे, म्हणून बाहेरगावचे रुग्ण समोरच्या धर्मशाळेत राहत. घोटभर पातळ औषध. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ते ओंजळीत घेऊन, पिऊन, हात डोक्यावरून फिरवला होता. तेव्हापासून सगळे त्याला तीर्थ म्हणत.

पहिल्या मजल्यावर चिंतामणीबुवा आष्टेकरांची खोली. बुवा नारदीय कीर्तनकार. चाळीसेक वर्षं सांगली-कोल्हापूरच्या देवळांतून उभे राहिलेले. दिवाळीआधी मुजावरांनी त्यांच्या पोटातून स्वादुपिंडाचा अर्धा भाग काढला होता. आता चैत्र चालू होता. दार उघडं होतं. उमाकाकूंनी, म्हणजे बुवांच्या पत्नीनं, ताट वाढून ठेवलं होतं. मऊ भात, वरण, लिंबाची फोड. बुवांनी ताटाला हात लावला नव्हता. ते भिंतीला टेकून डोळे मिटून डबीशी बोलत होते.

"दुपारी दोन भाकऱ्या, वांग्याची भाजी, वाटीभर दही. आत्ता भात, वरण, वर चमचाभर तूप. संध्याकाळी देवळापर्यंत जाऊन आलो. काल झोप गाढ. सोबत होती."

वैजयंती उंबऱ्यावरच थांबली. डबी बंद झाल्यावर ती आत आली आणि ताटापाशी बसली.

"बुवा, तुम्ही तर घाससुद्धा खाल्ला नाहीत."

"नाही खाल्ला. जात नाही."

"मग दोन भाकऱ्या कुणी खाल्ल्या?"

"त्यानं," बुवा डबीकडे बोट दाखवून म्हणाले, जसं काही पलीकडच्या खोलीत कुणी जेवून हात धूत असावं.

उमाकाकूंनी मग सगळं गाऱ्हाणं काढलं. गेले कित्येक महिने हेच चाललंय. मला विचारतात, आज त्याला काय करू या? पाडव्याला त्याला श्रीखंड घातलं. इथे माझ्या हातचं वरण उतरत नाही, आणि त्याला श्रीखंड. एकादशीला यांचा कडकडीत उपास आणि त्याला म्हणे साबुदाणा सोसत नाही, खीर द्या.

बुवांनी सगळं ऐकून घेतलं, किंचित लाजले, पण अपराध केल्याचा भाव चेहऱ्यावर नव्हता. "ताई, तुम्हीच सांगितलंत. मी जेवलो की तो जेवतो. औषध त्याला नाही. माझ्यासाठी तो बिनऔषधाचा बसलाय. मग निदान पोटभर जेवू तरी दे बिचाऱ्याला. मी उपाशी राहून त्यालाही उपाशी ठेवू? वाढणं आपल्या हातात आहे, तर हात आखडता कशाला घ्यायचा?"

वैजयंतीला पहिल्यांदा हसूच आलं. मग ते आलं तसं गेलं. तिनं विचारलं, हे आणखी कुणाला सांगितलं होतं का. बुवा म्हणाले, सांगितलं म्हणजे काय, माघात इथल्याच हॉलमध्ये कीर्तन केलं होतं, त्याचा उत्तररंग हाच. पाहुण्याच्या पानात आधी वाढावं, या निरूपणावर. मंडळींना फार आवडलं.

पुढच्या खोलीत अक्काताई कुरणे. तासगावच्या बाजारात भाजी विकणारी, जिभेला धार असलेली बाई. तिनं तर हिशेबच मांडला. "आमची बाई रविवारी मटण खाती. मला वास सोसंना, पर तिला काय झालंय? आणि झोप मी तिला रोज सात तास देती. माझी चार बी होत न्हाई." पलीकडचे सुभाष खोत, बोरगावचे, वयानं सगळ्यांत लहान, त्यांची सावली रोज सकाळी पळायला जात होती. खोली मागून खोली तेच. शंभराहून अधिक माणसं रोज संध्याकाळी भरल्या मनानं खोटं बोलत होती आणि यंत्रातल्या शंभर सावल्या त्यामुळे बाळसं धरत होत्या.

ती जिन्यात आली तेव्हा तिच्या आईचा निपाणीहून फोन आला. रोज याच वेळेला यायचा. जेवलीस का, आईनं विचारलं. "हो, जेवले," वैजयंती म्हणाली. सकाळच्या चहानंतर तिच्या पोटात काही नव्हतं. वरून बुवा कठड्याला धरून बघत होते. त्यांनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मुजावरांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून डोळे चोळत बसले. म्हणजे औषध चालत होतं. माणसं खरोखर झिजत, उपाशी, जागरणं काढत, तरीही तगून होती. सावल्यांना तूपभात मिळत होता, म्हणून त्या मागे पडत नव्हत्या. औषधाचा गुण इतका, की उपाशी माणूस जेवलेल्या सावलीच्या बरोबरीनं चालत होता.

आनंद व्हायला हवा होता. पण नियम दोघांनाही पाठ होते. रुग्णानं जाणूनबुजून चुकीची माहिती दिली असेल तर त्याला चाचणीतून काढायचं, आणि चाचणीतून काढला की त्याचं औषध बंद. गप्प राहावं, तर गुरुवारी औषध सगळीकडेच बंद. खरं सांगावं, तर एकाच्या कबुलीनंही सगळ्या केंद्राची चौकशी होणार, मिरजेचे आकडे बाजूला पडतील, बाकीच्या केंद्रांवर औषध तरेल, आणि इथल्या माणसांना मात्र ते मिळणार नाही. बाजारात यायला अजून निदान सहा-आठ महिने.

"तिसरी वाट आहे," मुजावर म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की तिला पुढे वाकावं लागलं. "डब्या बिघडल्या असं कळवू. यंत्राचा दोष निघाला तर रुग्णाला काढत नाहीत. औषध चालू राहतं."

वैजयंतीनं त्याचा पुढचा हिशेब मनात केला. डब्या सगळीकडे सारख्याच होत्या. एका केंद्रात बिघडल्या म्हटलं की प्रत्येक केंद्रातली डबी संशयात येणार, सगळी चाचणी अडकणार, चौकशीत वर्ष जाणार. बाहेर जे हजारोंनी वाट बघत होते त्यांचं ते वर्ष. हे मुजावरांना तिनं सांगायची गरज नव्हती.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "पण बाहेरच्यांना मी पाहिलेलं नाही. यातल्या प्रत्येकाच्या पोटात माझे हात जाऊन आलेत." मग चष्मा घालून म्हणाले, "मी चार दिवस नीट झोपलेलो नाही. माझ्यावर सोडू नका. बुवांना विचारा."

बुवांना विचारणं तिला सगळ्यांत जड गेलं. तिनं तिन्ही वाटा त्यांच्यापुढे ठेवल्या, काही झाकलं नाही. सावलीला पाठचा भाऊ म्हटलं ते मीच, चूक माझी, हेही सांगितलं. बुवांनी ते हातानंच बाजूला सारलं. त्यांनी एकच विचारलं.

"मी खरं सांगितलं तर तो जाईल?"

"कदाचित आधीच गेला असेल, बुवा. खऱ्या जेवणावर हिशेब केला की कळेल."

बुवा बराच वेळ मनगटावरच्या सैल झालेल्या दोऱ्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले की माझ्यापुरतं मला कळलं, पण मंडळींना मी नारदाच्या गादीवर उभं राहून सांगितलंय. ते परत घ्यायचं तर तिथूनच घ्यायला हवं. उद्या कीर्तन लावा. पेटीला कुणी नाही, तुम्ही बसाल का?

बुधवारी संध्याकाळी हॉल भरला. खुर्च्या भिंतीला लावल्या, सतरंज्या अंथरल्या. बुवांनी अंगरखा घातला तो खांद्यावरून ओघळत होता, पगडी कपाळावर उतरत होती. उमाकाकूंनी झांजा दिल्या. वैजयंतीनं कितीतरी वर्षांनी पेटीला हात लावला, भाता ओढला आणि वडील नेहमी धरायचे तोच स्वर धरला. तेवढ्यानंच तिचा थकवा एक पायरी खाली उतरला.

बुवांचा आवाज पातळ झाला होता, पण सुरात होता. नमन झालं. पूर्वरंगात त्यांनी थोडक्यात निरूपण केलं, की देवापुढे नैवेद्य दाखवतो तो खरा शिजवलेला असतो. रिकामी वाटी दाखवून पायस म्हटलं तर देव रागावत नाही, पण मागे पंगत बसलेली असते, तिच्या पानात काय वाढायचं? मंडळी हसली. कुणाला अजून काही कळलं नव्हतं. रिवाजाप्रमाणे मध्यंतरात बुक्का लावला, हार घातला, आणि एकेक जण पाया पडायला पुढे येऊ लागला. गादीवर उभ्या असलेल्या कीर्तनकाराच्या पाया थोरामोठ्यांनीही पडायचं, त्यानं मात्र कुणापुढे वाकायचं नाही, हा नेम सगळ्यांना माहीत. अक्काताई सर्वांत पुढे होती.

बुवांनी हार काढला. पगडी काढून उमाकाकूंच्या हातात दिली. गादीच्या चौकटीतून पाय बाहेर टाकला आणि अक्काताईच्या पायांवर डोकं ठेवलं.

पेटी थांबली. अक्काताई दोन पावलं मागे सरली. "बुवा, ह्ये काय? मला पापात घालता व्हय?"

"मी घातलंय पापात, तेच काढतोय," बुवा खालूनच म्हणाले. त्यांना उठवायला दोघांनी हात दिला. "गादीवर उभा राहून मी तुम्हाला खोटं बोलायला शिकवलं. म्हणून खाली उतरून सांगतो."

मग त्यांनी सांगितलं. कथा लावली नाही, चाल लावली नाही. तिन्ही वाटा, जशा वैजयंतीनं सांगितल्या तशाच. कुठल्या वाटेनं कुणाचं औषध जातं आणि कुणाचं राहतं. शेवटी म्हणाले, "मी माझं खरं सांगणार आहे. माझ्यामागून येऊ नका. मागच्या वेळी आलात, त्याचंच हे झालंय. ज्यानं त्यानं आपलं ठरवायचं."

सुभाष खोत मागच्या रांगेतून उठले. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळेच तो सगळ्यांना ऐकू गेला. "तुम्ही एकट्यानं खरं सांगितलं तरी सगळं केंद्र बाहेर. मग मला विचारता कशाला, बुवा? माझी पोरगी दुसरीत आहे."

खोत डबी खिशात घालून बाहेर गेले आणि कुणी त्यांना अडवलं नाही.

बऱ्याच वेळानं अक्काताई खाली बसली, कमरेच्या पिशवीतून तिनं डबी काढली आणि सगळ्यांसमोर तोंडाशी धरली. "रविवारचं मटण न्हवतं," ती म्हणाली. "त्याच्या आदल्या रविवारचं बी न्हवतं. चा आणि पाव. झोप येत न्हाई, रडू येतंय." मग डबी खाली करून वैजयंतीला म्हणाली, "पुसा त्यो तुमचा तूपभात. आठ महिन्यांनी येणार आसंल औषध, तर माझ्या भाचीच्या सासूला तरी हुईल. तिला बी ह्योच हाय."

तिच्यानंतर आणखी डब्या निघाल्या. काही जण पुटपुटत होते, काही जण भिंतीकडे तोंड करून बोलत होते. काही उठून गेले. बुवा कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या शेवटी बोलले. त्यांना वेळ लागला, कारण महिन्यांचे उपास होते.

गुरुवारी मुजावरांनी समितीला जसं होतं तसं सांगितलं. समितीनं फार प्रश्न विचारले नाहीत, त्यांनाही थकवा होता. मिरजेचे आकडे वगळले, बाकीच्या केंद्रांवर औषधाचा गुण स्पष्ट दिसला, चाचणी पुढे चालू राहिली. मिरजेची शीतपेटी आठवड्याच्या शेवटी बंद करायचा आदेश आला. करुणेच्या आधारावर या रुग्णांना औषध मिळावं म्हणून मुजावरांनी त्याच दुपारी दिल्लीला अर्ज धाडला. तसल्या अर्जांना किती काळ लागतो हे त्यांना माहीत होतं, तरी उत्तराची वाट आठवड्यातच बघू लागले.

खऱ्या जेवणावर वैजयंतीनं सावल्यांचा हिशेब पुन्हा केला. समितीला तो नको होता. आठवणीतून सांगितलेलं पुराव्यात धरत नाहीत. पण बुवांनी विचारलं होतं, म्हणून ती खोलीवर गेली.

"पौषातच गेला तो," ती म्हणाली. "संक्रांतीच्या पुढेमागे."

बुवांनी मान हलवली. मग टॉवेल घेऊन ते नळावर गेले आणि डोक्यावरून गार पाणी घेतलं. उमाकाकू दारातून म्हणाल्या, सुतक धरताय की काय, कोण लागत होता तो तुमचा? बुवा डोकं पुसत म्हणाले, "इतके दिवस माझ्या ताटात जेवला. आणखी काय लागायचं असतं?" उमाकाकूंनी त्या दिवशी वरणाला फोडणी दिली नाही. त्यांनी तसं मुद्दाम केलं का, हे वैजयंतीनं विचारलं नाही.

शेवटचं तीर्थ शनिवारी झालं. खोत आले होते. ओंजळ पुढे केली, प्यायले, हात डोक्यावरून फिरवला आणि घरी जायला निघाले. दारात थांबून बुवांकडे बघितलं फक्त. ते बघणं माफीचं होतं की दोषाचं, कोण जाणे. बुवांनी ते जसं आलं तसं घेतलं.

वैशाख लागला. ऊन असं की धर्मशाळेची गच्ची संध्याकाळीही पाय ठेवू देत नव्हती. निम्मी माणसं गावी गेली होती. उरलेल्यांना जुनी, ठरलेली औषधं चालू होती. वैजयंती डब्या गोळा करायला आली, पण त्याआधी तिला मुजावरांचा एक निरोप सांगायचा होता आणि तो कसा सांगावा हे तिला कळत नव्हतं.

निरोप असा होता. छायारुग्ण आल्यापासून या रोगातली नव्या औषधाविना राहिलेली खरी माणसं कुणी नीट पाहिलीच नव्हती. सगळीकडे सावल्याच. सावली खऱ्या माणसासारखी चालते का, हे ताडून बघायला खरी माणसं हवीत. इथली माणसं आता बिनऔषधाची होती. कुणाची राजीखुशी असेल, तर त्यांनी डबीला सांगणं चालू ठेवावं. अर्जाचं उत्तर आलं की औषध लगेच सुरू होईल, त्याला यानं बाध येणार नाही. पण तोवर.

तिनं हे अडखळत सांगितलं. बुवांना समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे पुण्या-नागपुरातल्या त्या माणसांची सावली आता मी."

"तसंच म्हणायचं, बुवा. सक्ती नाही."

"तो बसला होता इतके महिने माझ्यासाठी. कुणी विचारलंही नव्हतं त्याला." बुवा हसले, आणि हसताना त्यांना धाप लागली. गेल्या आठवड्यात काढलेल्या स्कॅनच्या चित्रात यकृतावर एक नवा ठिपका दिसला होता. हे त्यांना, उमाकाकूंना आणि तिलाही माहीत होतं. "ठेवा डबी. पण तिकडच्यांना निरोप द्या. आष्टेकराच्या पानात खरं जे पडतंय तेच राहू दे. माझ्या नावानं कुणी खोटं जेवू नका."

संध्याकाळ झाली. उमाकाकूंनी ताट वाढलं. बुवांनी भात कालवला, दोन घास खाल्ले, थांबले, तिसरा घेतला. मग डाव्या हातानं डबी जवळ ओढली.

"दुपारी काही नाही. आत्ता भाताचे तीन घास, तूप नाही. पोटात दुखतं. काल झोप नाही, पहाटे जराशी."

तेवढ्यात वैजयंतीचा फोन वाजला. निपाणीहून आई. जेवलीस का?

वैजयंतीच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलेलं होतं. समोर बुवा डबी हातात धरून तिच्याकडे बघत होते, त्या दिवशी कठड्यावरून बघितलं होतं तसंच.

"नाही गं," ती म्हणाली. "सकाळपासून नाही." पलीकडे आई बोलायला लागली ती थांबेचना. वैजयंती ऐकत राहिली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं होतं.

फोन ठेवला तोवर उमाकाकूंनी काही न विचारता दुसरं ताट मांडलं होतं. भात, वरण, लिंबाची फोड. वैजयंती मांडी घालून बसली आणि जेवू लागली. तिला फार भूक लागली होती. तिच्याकडे बघत बुवांनी चौथा घास उचलला.

मग त्यांना डबी उघडीच राहिल्याचं आठवलं.

"चार घास," त्यांनी दुरुस्त केलं. "आणि सोबत होती."